मधमाश्यांचा कोप

"टाक! टाक ती काठी, तेरेझिया!"

चॅपेलपुढच्या गवतावर दोनशे माणसं उभी होती आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. तेरेझिया श्केर्गेत, वय एकोणऐंशी, दोन हिवाळे खुर्चीतून न उठलेली बाई. तिने काठी गवतात भिरकावली आणि कठड्याला हात न लावता चॅपेलच्या सात पायऱ्या चढली. वर पोचून ती वळली, तशा बायकांनी छातीवर क्रूस काढले. एका म्हाताऱ्याने टोपी काढून तोंडावर धरली. तो रडत होता.

बाजूला मधाच्या बरण्यांचं टेबल होतं, आणि उलट्या ठेवलेल्या मधपेटीवर, काठी टाक म्हणणारा मधवाला इग्नात्स व्राब्ल उभा होता. पांढरी दाढी, भरतकामाचं जाकीट, हात जोडलेले.

"माझ्यापुढे वाकू नका हो! मी कोण? बरण्या विसळणारा गडी! करतात त्या माश्या. संत अँब्रोज मधपाळांचा वाली. त्याची घंटा वाजली की माझ्या पेट्या गप्प होतात. ऐकतात! आणि मग कुठल्या फुलावर जातात ते मी नाही सांगणार. कारण मलाच माहीत नाही!"

लोक हसले.

"शास्त्रज्ञांना विचाराल तर त्यांना त्याहून नाही!"

लोक आणखी मोठ्याने हसले.

"रोज सकाळी एक चमचा. लाकडी चमच्यानेच, लोखंड लागलं की गुण गेला. आणि पदराला गाठ मारून ठेवा, मध्येच सोडायचा नाही. माश्या कोपतात. कोपल्या की दुखणं दुपटीने परत येतं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय."

मग त्याचे डोळे गर्दीत फिरले आणि ब्रेदावर थांबले.

"आणि आज आपल्यात राजधानीच्या, ल्युब्ल्यानाच्या मोठ्या बाईसाहेब आल्यात! तेरेझियाची लेक. देशाच्या पोटात काय जातं ते बघायला सरकारने नेमलेली. ताई, सांगा बरं लोकांना, माझ्या मधात काही वावगं आहे का?"

ब्रेदाला तेव्हा म्हणता आलं असतं, तपासल्याशिवाय कसं सांगू? एवढं एक वाक्य. पंचवीस वर्षं ती त्याच वाक्याचा पगार घेत होती. अन्नातल्या कुठल्या पदार्थाने माणसाला किती धोका आहे हे मोजायचं, हेच तिचं काम. पण वरच्या पायरीवर आई उभी होती, लग्नाच्या दिवशी नवरीने उभं राहावं तशी. ब्रेदा नुसती हसली. आई पायऱ्या उतरून आली, तिने स्वतःच्या बरणीतला चमचाभर मध लेकीच्या तोंडात घातला, आणि टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. पुढच्या रविवारी तो फोटो मोठा करून व्राब्लच्या टेबलामागे टांगलेला होता.

त्या दिवशी जेवताना आईने स्वतः लाटून केलेली गिबानित्सा वाढली. खसखस, सफरचंद, अक्रोड, थरावर थर. दोन वर्षांत या स्वयंपाकघरात ओव्हन पेटला नव्हता.

"बघ माझं तोंड!" आई म्हणाली. "कसं भरलंय! शेजारची रोझालिया म्हणते, मी पन्नाशीची दिसते."

चेहरा खरंच भरला होता. पुनवेच्या चंद्रासारखा गोल, गाल लाल. हात मात्र काटकुळेच होते, आणि मनगटावर नुसता धक्का लागला तरी जांभळे डाग उठत होते. ब्रेदाने हे पाहिलं. असा चेहरा कशाने होतो हे ती विद्यार्थ्यांना शिकवत असे. तिने आणखी एक तुकडा मागून घेतला.

नोव्हेंबरात पत्र आलं. ग्रात्सहून, ऑस्ट्रियातल्या तिच्याच कामातल्या गेर्नोट लाइटनरचं. वर्षातून दोन-तीनदा इटलीतल्या पार्मा गावी युरोपच्या सगळ्या देशांची अशी माणसं एकत्र बसत, तेव्हा तो हटकून तिच्या शेजारची खुर्ची धरायचा. पत्र सगळ्या देशांना होतं. एक वृद्ध गृहस्थ घरात बेशुद्ध सापडले. कपाटात बिनलेबलाचा काळसर मध, बरणीला दोरीने बांधलेला लाकडी चमचा. मधात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदना थांबवणारं औषध, दोन्ही भरपूर. हा मध आणखी कुठे विकला जातो? कुणी पाहिला आहे का?

उत्तरं येऊ लागली. तालिनहून विचारणा झाली, चमच्यात नेमके किती ग्रॅम मावतात? त्यावरून त्यांनी रोज पोटात जाणारं औषध काढून दिलं. लिस्बनच्या प्रयोगशाळेने नमुना मागवून परागकण पाहिले आणि कळवलं, यात निलगिरी आहे, भरपूर आहे. हे काम असंच चाले. प्रत्येकाने सगळं तपासायचं नाही. एकाला सापडतं, दुसरा मोजतो, तिसरा हिशेब करतो आणि चौथा त्यातली चूक काढतो. एकच अट, विचारलं की खरं सांगायचं.

ब्रेदाने तीन दिवस पत्र उघडलं आणि मिटलं. मग लिहिलं, "आमच्याकडे अशा मधाची नोंद नाही."

वाक्य शब्दशः खरं होतं. नोंद तिनेच करायची होती आणि ती तिने केली नव्हती.

सगळ्या उत्तरांवरून अहवाल निघाला. एक विक्रेता, बहुधा एकच कुटुंब, फैलाव मर्यादित.

मग तिने दुसरं काम केलं आणि त्याची लाज तिला पहिल्याहून जास्त वाटायला हवी होती. नाताळाला तिने आईला ल्युब्ल्यानाला आणलं, ओळखीच्या डॉक्टरांना गाठलं आणि स्टेरॉइडच्याच गोळ्या सुरू केल्या. आठवड्या-आठवड्याने कमी करत न्यायच्या, कारण स्टेरॉइड एकदम तोडलं तर माणूस कोसळतो. आईला सांगितलं, जीवनसत्त्वं आहेत, त्यांच्याबरोबर मध चालत नाही.

"आणि माश्या?" आईने घाबरून विचारलं होतं.

"मी बघते माश्यांचं."

आईचे गुडघे पुन्हा धरले, पण ती धडधाकट राहिली. गावात बाकीचे लोक रोज सकाळी चमचा चाटत राहिले. ब्रेदा मनाशी म्हणत असे, आई पूर्ण सुटली की मग कळवू. मग म्हणे, मार्चात कळवू.

आईच्या शेजारी रोझालिया चिपोत राहायची. लहानपणी ताप आला की ब्रेदाच्या उशाशी बसणारी रोझालियामावशी. ती दर वर्षी उपवासाच्या दिवसांत, राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, गोड सोडत असे. या वर्षीही सोडलं. मध गोडच की!

सातव्या दिवशी आईचा फोन आला.

"ब्रेदा, रोझालिया गेली गं... म्हणजे, नेली तिला. हॉस्पिटलात. दोन दिवस उलट्या होत होत्या, आज अंगणातच पडली. डोळे पांढरे! व्राब्ल म्हणाला, मी सांगितलं नव्हतं का, माश्या कोपल्या! त्याच्या दारात रांग लागलीय बघ, ज्यांनी सोडला होता ते पुन्हा घ्यायला आलेत. मीसुद्धा उद्यापासून—"

"आई, त्याला हात लावू नकोस. फोन ठेव. मला फोन करायचाय."

मुर्स्का सोबोता या जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलात डॉ. लेबार म्हणून तरुण बाई कामावर होत्या. रक्तदाब हाती लागत नाही, शरीरातलं मीठ घसरलंय, कारण कळत नाही, असं त्या घाईघाईने सांगत होत्या. ब्रेदाने त्यांना मध्येच तोडलं.

"ती आठ महिने स्टेरॉइड घेतेय. तिला माहीत नाही. मागच्या बुधवारी एकदम थांबलंय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आधी इंजेक्शन द्या. मग सांगते."

त्या दुपारी तिने गेर्नोटला फोन केला. तो ऐकत राहिला.

"तुमचा नकार आम्ही आकड्यात धरला होता, ब्रेदा," तो म्हणाला. "त्याच्या भरवशावर तुमचा देश यादीतून खोडून पुढे गेलो."

"माहीत आहे मला."

"रागावलो नाहीये. मला नुसतं... शेजारी बसायचो ना मी तुमच्या."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळ व्हायच्या आत तिने सगळ्या देशांना दोन ओळी पाठवल्या. "नोव्हेंबरमधलं आमचं उत्तर खोटं होतं. ते चुकून गेलं नव्हतं." खाली गावाचं नाव, व्राब्लचं नाव आणि स्वतःची सही. वरिष्ठांनी तिला कामावरून बाजूला केलं, आणि त्याला तिची ना नव्हती.

व्राब्लच्या कोठारात तपासनीस गेले. अंगणात बावीस रंगीत पेट्या होत्या, माश्या फक्त चार पेट्यांत. मागे परदेशातून आणलेल्या स्वस्त मधाची निळी पिंपं, कॉफी दळायचं यंत्र आणि त्याच्या तळाशी पांढरी पूड.

रोझालियामावशी वाचली. ब्रेदा भेटायला गेली तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं होतं.

"बस," मावशी म्हणाली. ब्रेदा बसली.

"तुझ्या आईने नाताळापासून मध सोडला. तरी ती पडली नाही. मी आपली म्हणायचे, माश्यांची हिच्यावर माया दिसते." मावशी थांबली. "आमच्या दोघींच्या घरांमध्ये कुंपण किती गं? माझ्या कमरेएवढं. आईला गोळ्या आणल्यास त्या दिवशी कुंपणावरून एक हाक मारायला काय झालं होतं?"

ब्रेदाने भिंतीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

"माझ्यासमोर रडू नकोस," मावशी म्हणाली. "मला कळलंय आता. ज्यांना कळलं नाही त्यांना जाऊन सांग."

रविवारी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, संपल्यावर फादरनी चर्चचं सभागृह उघडून दिलं. खुर्च्या पुरल्या नाहीत. व्राब्लही आला होता, पहिल्या रांगेत, हात जोडून.

"या!" तो मोठ्याने म्हणाला. "माझा मध खाऊन टाळ्या घेतलेल्या बाई आल्या!"

"खाल्ला," ब्रेदा म्हणाली. "तेव्हाच मला शंका आली होती. नोव्हेंबरात खात्री झाली. मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या आईचा मध गुपचूप सोडवला आणि तुम्हाला खाऊ दिला. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा असं सांगायला मी आले नाही. कागद टेबलावर आहेत, तीन देशांतल्या प्रयोगशाळांचे. त्यांना मी माहीत नाही, तुम्ही माहीत नाही, व्राब्ल तर नाहीच. तिघांचं उत्तर एक आलंय."

मग तिने साध्या शब्दांत सांगितलं. दुखणं थांबतं ते दळून घातलेल्या औषधामुळे. तोंड गोल होतं, गाल लाल होतात तो तजेला नाही, त्याच औषधाची सूज आहे. हे औषध बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं. म्हणून एकदम सोडलं की माणूस कोसळतो. माश्यांचा कोप तो एवढाच. आणि या मधात निलगिरीचे परागकण आहेत.

"आपल्या दरीत निलगिरीचं झाड कुणी पाहिलंय?" तिने विचारलं.

कुणी पाहिलं नव्हतं. मागून एकजण म्हणाला, "संत अँब्रोजच्या माश्या लांब जात असतील!" पण हसलं कुणी नाही.

टोपीवाला म्हातारा उठला, चॅपेलपुढे रडलेला. "पण मी चाललो ना, पोरी! माझ्या पायांनी चाललो!"

"चाललात, आजोबा. ते खोटं नव्हतं. डॉक्टरही हे औषध देतात, पण मोजून, रक्त तपासून, आणि थांबवतानाही पायरी-पायरीने. याने तुम्हाला न सांगता दिलं. काय देतो ते सांगत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. तपासू देत नाही, त्याच्याकडून तर नाहीच."

व्राब्ल उठला. "म्हणजे आता सगळ्यांनी मध फेकून द्यायचा? फेका! आणि मरा!"

"नाही," ब्रेदा म्हणाली. "आज कुणीही फेकू नका. हे एकच तो खरं सांगतोय, आणि का खरं आहे ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं. तिथे डॉ. लेबार बसल्यात. नाव सांगा, किती दिवस खाल्ला ते सांगा. त्या प्रत्येकाला वेगळं सांगतील. त्यांनाही प्रश्न विचारा, समजेपर्यंत विचारा. कुणाच्या पदवीकडे, दाढीकडे, सरकारी नोकरीकडे बघून गप्प बसू नका. माझ्याकडे बघून गप्प बसलात, त्याचं काय झालं ते पाहिलंत."

टाळ्या पडल्या नाहीत. खुर्च्या सरकल्या आणि डॉक्टरांच्या टेबलापुढे रांग लागली. व्राब्ल बाहेर पडला, दारात तपासनीस उभेच होते. लोक ब्रेदाच्या बाजूने जात होते, तिच्याकडे न बघता, रस्त्यात खांब असावा तसे वळसा घालून. ती कागद गोळा करायच्या निमित्ताने खाली मान घालून उभी राहिली.

रांगेत शेवटी आई होती. लंगडत, एकेका खुर्चीचा आधार घेत ती टेबलापर्यंत गेली. लेकीला तिने ओलांडलं, थांबली नाही.

"श्केर्गेत, तेरेझिया," ती डॉक्टरांना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मध सहा महिने खाल्ला. त्यानंतर गोळ्या खाल्ल्या. त्या खरोखर कसल्या होत्या ते मलाही कुणी सांगितलं नाही. ती उभी आहे तिकडे. तिला विचारून लिहा."