कुणी न मागितलेला तिसरा बेस

माझ्या सासूबाई धान्याच्या दुकानात तराजू धरीत. दांडी थरथरायची थांबल्याखेरीज त्यांनी गिऱ्हाइकाच्या पिशवीत दाणा ओतला नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मी मुलींची शाळा चालवली. तिथे माझ्या पावलांचा आवाज आला की वर्गातले पंखेसुद्धा जपून फिरत, असे मुली म्हणत, आणि मी ते कधी खोडून काढले नाही. माझी लेक सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, झाली. आता ती आमच्या क्लबच्या मुलींना शिकवते. अशा तिघींनंतर आमच्या घरात मुंगी जन्मली. नाव निराळे आहे, पण अंगाने एवढीशी आणि धरलेली वाट न सोडणारी, म्हणून मुंगी. तिने हाती चेंडूही घेतला नाही आणि बॅटही. ती पंच झाली.

आमच्या घराच्या डोक्यावर तेव्हा एक जुने देणे होते. ते पैशाचे नव्हते. पैशाचे असते तर मी ते दुसऱ्याच सकाळी फेकून मोकळी झाले असते.

ते समजायला खेळाचा एक नियम ठाऊक हवा. धावणाऱ्या मुलीने एखादा बेस, म्हणजे वाटेतली चौकोनी गादी, न तुडवताच पुढे धाव घेतली, तर पंच तिला आपणहून बाद ठरवत नाही. बचाव करणाऱ्या संघातल्या कुणीतरी पंचासमोर येऊन ‘अमुक मुलीचा अमुक बेस चुकला’ असे म्हणावे लागते. त्याला अपील म्हणतात. अपील केले तर पंच निकाल देतो. नाही केले तर पंचाने पाहिलेले पंचाच्या पोटात राहते. आणि ज्या धावेने सामना संपतो तिच्यावरचे अपील, बचाव करणाऱ्या संघाची आतल्या मैदानावरची शेवटची मुलगी रेषेबाहेर पडेपर्यंतच करता येते. त्यानंतर देव आला तरी धाव धाव.

माझी लेक चौदा वर्षांखालच्या संघात होती, तेव्हा अंतिम सामन्यात विजयाची धाव तिने काढली. तिसऱ्या बेसला वळताना तिचा पाय वीतभर आतून गेला. जिथे धाव पुरी होते त्या होम प्लेटमागे उभ्या असलेल्या पंचांनी ते पाहिले. त्यांचा चेहरा कधी हलत नसे, म्हणून लोक त्यांना ‘दगड’ म्हणत. एरवी त्यांचे औषधांचे दुकान होते. समोरच्या संघाने काही विचारले नाही, पंच काही बोलले नाहीत, कप आमच्याकडे आला. मग कुणाच्या तरी फोटोत लेकीचा पाय सापडला.

हरलेल्या क्लबचे अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक होते. त्यांनी दगडांना चारचौघांत विचारले, “तुम्ही पाहिलं होतं?”

“पाहिलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कोणी विचारलं नाही.”

तेवढे पुरले. पंच विकला गेला, असा बोभाटा झाला. त्यांना पुन्हा मोठा सामना मिळाला नाही, आणि माणसे औषधसुद्धा पलीकडच्या दुकानातून नेऊ लागली. मी स्वतः वखारीत जाऊन नियम वाचून दाखवला. वखारवाले हसले. “बाई, कप तुमच्या कपाटात आहे. तुम्ही पंचाची बाजू घ्याल नाही तर काय कराल?” मी उठून आले. जिंकलेल्याची साक्ष कोण ऐकतो?

दगडांकडे गेले आणि म्हटले, “तुमचं देणं लागते मी. कसं फेडू ते सांगा.”

ते बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत होते. मान वर न करता म्हणाले, “आज नाही फिटायचं, बाई. पंचाची बाजू हरलेल्यानंच घ्यावी लागते. कधी अशाच धावेनं हरलात, तर बघू.”

आम्ही अशा धावेने कधी हरलो नाही. मुंगी मोठी झाली, तिने आपण होऊन दगडांच्या दुकानाची पायरी गाठली, आणि नियमाचा एकेक दाणा वेचून आणला. ती त्यांना पंचकाका म्हणू लागली. देणे मात्र कमी होण्याऐवजी वाढले.

यंदाच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा वखारवाल्यांचाच क्लब आला. नेमलेल्या पंचाचा गुडघा आदल्या दिवशी सुजला, आणि होम प्लेटमागे उभे राहण्याइतकी शिकलेली दुसरी व्यक्ती जवळपास एकच होती. मी आमच्या क्लबची अध्यक्ष. माझी नात पंच कशी चालेल, असे मीच आधी विचारले. वखारवाल्यांनी हात झटकला. “उभी राहू द्या. तुमची नात असली तरी शिकलीय त्या दगडाकडे. चुकली की आम्हीही बोलू, तुम्हीही बोला.” त्यांच्या बोलण्यातला काटा मला कळला. पोरीचा हा पहिलाच मोठा सामना, आणि दोन्ही बाजूंचे लोक ती कुठे चुकते तेच बघायला बसले होते. आज बट्टा लागला असता, तर तिचा मास्क दगडांच्या मास्कसारखाच खुंटीला लागला असता.

मी तिसऱ्या बेसच्या मागच्या बाकावर बसले होते. दगड शेजारी होते, मांडीवर छत्री आडवी ठेवून.

“हात कापतोय तिचा,” मी म्हटले.

“पहिल्या इनिंगला कापतोच. माझा लग्नातही कापला नव्हता एवढा पहिल्या इनिंगला कापायचा.”

सामना शेवटच्या इनिंगपर्यंत बरोबरीत आला. आमच्या मुली बचावाला. त्यांच्या दोघी बाद, पहिल्या बेसवर एक उंच पोरगी, केसांना लाल रिबीन. हा एक बळी मिळाला की जादा इनिंग, आणि तिच्या सुरुवातीलाच आमच्या सगळ्यात तगड्या फलंदाज येणार होत्या. आमची बाके आताच हसायला लागली होती.

चेंडू पडला, बॅट बसली, आणि तो डाव्या बाजूच्या दोघी क्षेत्ररक्षक मुलींच्या मधून कुंपणापर्यंत गेला. सगळी माणसे उभी राहिली. सगळ्यांचे डोळे चेंडूवर. माझी लेक डगआउटच्या पायरीवरून ओरडत होती, “होमला टाक, होमला!”

मी उभी राहिले नाही. माझे गुडघे मला घाईने उठू देत नाहीत. म्हणून मला चेंडू दिसलाच नाही, पाय दिसले. लाल रिबिनीने दुसरा बेस तुडवला. तिसऱ्याला ती वळली, आणि तिचा बूट गादीच्या आतल्या बाजूने, मातीवरून, वीतभर अंतराने निघून गेला.

मी मुंगीकडे पाहिले. ती मास्क काढून रेषेलगत आली होती, आणि तिची नजर त्याच गादीवर होती. तिने पाहिले होते. मग ती वळली, प्लेटकडे धावली, आणि लाल रिबीन धूळ उडवीत होमला पोचली. पलीकडची बाके नाचू लागली.

मुंगी वाकली, खिशातला ब्रश काढला आणि प्लेट पुसू लागली.

“थांबलीय,” मी पुटपुटले. “काहीतरी राहिलंय, हे कळेल कुणाला तरी.”

“नाही कळायचं,” दगड म्हणाले. “प्रत्येक सामन्यानंतर तेवढंच थांबायचं, तेवढंच पुसायचं, असं शिकवलंय. रोज थांबणाऱ्याच्या थांबण्यातून काय वाचणार?”

आमच्या मुली माना खाली घालून निघाल्या. पहिला बेस सांभाळणारी रेषेबाहेर गेली. पिचर रडत गेली. तेवढ्यात दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारी आमची शॉर्टस्टॉप रेषेच्या आतच थबकली. तिला आम्ही ‘आगाऊ’ म्हणतो; घरी आजोबांच्या चष्म्याचीही उलटतपासणी घेते ती. ती परत फिरली आणि मुंगीसमोर जाऊन उभी राहिली.

“ताई, अपील.”

“बोल. कोणती खेळाडू, कोणता बेस?”

“ती लाल रिबीनवाली.” आगाऊने ओठ चावला. “दुसरा बेस. दुसरा चुकला तिचा.”

मुंगीचा चेहरा मी जन्मापासून ओळखते. ती गडबडली की तिची डावी भुवई हलते. भुवई हलली नाही.

“सेफ,” ती म्हणाली, आणि नाबादच्या खुणेचे दोन्ही हात आडवे केले.

पलीकडून हशा उठला. “दुसरा म्हणे! चौथा विचार, चौथा!” आगाऊ तिथेच उभी. तिला काहीतरी खटकले होते, पण ते कुठे हे तिला कळत नव्हते. ती एकदा दुसऱ्या बेसकडे बघे, एकदा मुंगीकडे.

तिसरा. एवढा एक शब्द. मी शाळेच्या गच्चीवरून हाक मारली की फाटकाबाहेरची मुलगी परत येत असे. इथून त्या पोरीपर्यंत तर हाकेचेही अंतर नव्हते. आयुष्यात मी न बोलता राहिले असे प्रसंग आठवावे लागतील. शब्द दातांपाशी आला.

“प्रेक्षकानं ओरडू नये, असा नियम आहे?” मी विचारले.

“नाही,” दगड म्हणाले. “तुमचा गळा, तुमचं तोंड.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. छत्रीची मूठ मात्र त्यांनी घट्ट धरली होती.

त्या मुलींनी जे पाहिले नाही ते मी त्यांच्या तोंडात घातले असते, तर अध्यक्षांच्या नातीने अध्यक्षांच्या इशाऱ्यावर निकाल फिरवला, असेच जगाने म्हटले असते. आणि बरोबर म्हटले असते. शिवाय एक धाव आमच्या कपाटात कधीपासून परक्याची म्हणून पडून होती. मी पदराचा बोळा करून मुठीत धरला आणि तोंड मिटले. आगाऊने पुन्हा एकदा तोंड उघडले, मिटले, खांदे उडवले आणि चालू लागली. तिचा बूट पांढऱ्या रेषेवर आला, पलीकडे गेला. मुंगीने ब्रश खिशात ठेवला.

सामना संपला.

मग जे व्हायचे ते झाले. एका मुलीच्या वडिलांनी मोबाइलवर सगळे टिपले होते. आमच्या क्लबचे कार्यवाह तो मोबाइल हातात धरून तरातरा मैदानात गेले. मागे पालकांचा घोळका. माझी लेकही धावली, आणि पडद्यावरचा तो पाय बघून जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला. तो पाय तिच्या ओळखीचा होता.

“हे तुला दिसलं का?” कार्यवाहांनी मोबाइल मुंगीच्या नाकाशी धरला.

“दिसलं.”

“आणि पोरगी समोर येऊन विचारत होती तरी गप्प बसलीस?”

“तिनं दुसरा बेस विचारला. दुसरा तुडवला होता. तिसरा कोणी विचारला नाही.”

“हिनं घरचाच घात केला,” मागून कुणीतरी म्हणाले. “खाल्ल्या घरचे वासे मोजणारी.” वखारवाले पलीकडे काठीवर रेलून ऐकत होते. ‘कोणी विचारला नाही’ हे शब्द त्यांनी पूर्वी ऐकले होते, दगडांच्या तोंडून.

कार्यवाह माझ्याकडे वळले. “बाई, अध्यक्ष म्हणून तुम्ही हरकत घ्या. निकाल नाही फिरला तरी हिला पुन्हा उभं राहू देणार नाहीत.”

मी उठले. दगडांनी हात पुढे केला. मी तो घेतला नाही. घोळक्याने वाट दिली. मुंगीपाशी गेले तेव्हा ती सरळ उभी होती, पण मास्कचा पट्टा तिने बोटांना इतका आवळला होता की बोटे निळी झाली होती.

“मोबाइल आत ठेवा,” मी कार्यवाहांना म्हटले. “मला दाखवायची गरज नाही. मी पाहिलंय.”

“तुम्ही पाहिलंत?”

“तिसऱ्या बेसच्या मागेच बसले होते. मी पाहिलं, पंचांनी पाहिलं. ज्यांनी मागायचं त्यांनी पाहिलं नाही. तुम्ही सगळे चेंडूकडे बघत होतात, आणि आमची शिकवणारीसुद्धा.” लेकीने मान खाली घातली. “आम्ही हरलो. पंच बरोबर आहे. हे मी हरलेल्या क्लबची अध्यक्ष म्हणून बोलतेय, हिची आजी म्हणून नाही. हिची आजी म्हणून घरी बोलेन, ते तुम्हाला ऐकायला मिळायचं नाही.”

मग मी वखारवाल्यांकडे वळले. “कप तुमचा. आणि ती जुनी धावही आज तुमच्याकडे परत आली. आता तुम्ही जिंकलेले आहात. त्या वेळच्या पंचाला नियम माहीत होता की तो विकला गेला होता, ते सांगा. इथे, सगळ्यांसमोर.”

वखारवाल्यांनी काठीने माती उकरली. मग ते मैदान ओलांडून बाकापाशी गेले. दगड उठून उभे राहिले, छत्री काखेत मारून.

“पंचसाहेब,” वखारवाले म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीइतका चढा नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. “तुम्ही तेव्हा बरोबर होतात. मी नियम वाचला होता. बाई येऊन गेल्या त्याच आठवड्यात वाचला होता. बोललो नाही. कप पोरींना तुमच्या हातून द्या.”

“नियमात बसतं का ते?” दगडांनी विचारले.

“नाही बसलं तर अपील करू देत कुणाला तरी.”

दगडांनी कप दिला. लाल रिबिनीला देताना ते वाकून तिच्या कानात काही बोलले, आणि पोरीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आगाऊ लांबून सगळे टिपून घेत होती. पुढच्या सामन्यात ती पायांकडे बघेल, याबद्दल मला शंका नाही. माझी लेक मुंगीजवळ गेली आणि तिच्या बोटांवरून मास्कचा पट्टा सोडवू लागली.

मी पुन्हा बाकावर येऊन बसले. दगड आले, बसले, छत्री मांडीवर आडवी ठेवली.

“काय हो,” मी म्हटले, “किती बाकी राहिलं?”

त्यांचा चेहरा हलला नाही. “काही नाही, बाई. सगळं फिटलं.”