दारी बांधलेलं काळीज

"मारायचं तर समोर उभं राहून मार, लुडगार्डा, आणि गाण्यातूनच मार. दुसऱ्याच्या तोंडातला शब्द जो मागून काढून घेतो, त्याच्या पेल्याला मी पेला लावत नाही."

हा तिच्या बापाचा आवाज. विस्टीन जाऊन बरीच वर्षं झाली होती. माल्टाशेजारच्या गोझो बेटावरच्या गुत्त्यांमधून जन्मभर तो सवाल-जवाब गायला. समोरच्याच्या नाकापासून चपलेपर्यंत सगळ्याची टर उडवायची, आणि गाणं संपलं की त्याच्याच शेजारी बसून प्यायचं. आज तो आठवायला नको होता. आज लुडगार्डाला एका बाईचं वाईट करायचं होतं.

गेल्या वर्षी माल्टाने युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा पहिल्यांदाच जिंकली, म्हणून यंदा सगळा युरोप आपापली गाणी घेऊन बेटावर उतरला होता. घरचं गाणं या वेळी घरच्या भाषेतच हवं असं ठरलं आणि निवडलं गेलं ते विस्टीनचं. ध्रुवपद त्याचं, चाल गाणं बसवणाऱ्या साल्वुने नव्याने बांधलेली. निवडफेरीत ते लुडगार्डाच गायली होती. निकालानंतर साल्वुने तिला बाजूला घेतलं.

"गाणं राहतंय."

"आणि मी?"

"तू पडद्यामागे. कोरसात. रागावू नकोस गं. परदेशी पत्रकारांशी बोलायचं, कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं… कळतंय ना तुला?"

कळलं होतं. पुढे उभी राहिली स्लीमाची, इंग्रजी बोलणाऱ्या श्रीमंत वस्तीतली फ्रान्सीन. तिच्या घरात माल्टी भाषा निघे ती मोलकरणीशी बोलण्यापुरती.

घोटाळा झाला तो एका शब्दाने. माझं काळीज म्हणायचं तर माल्टीत 'अल्बी' म्हणतात. पण तो 'अ' नुसता येत नाही. त्याच्या आधी घशात एक दार लागतं आणि मग उघडतं. स्लीमाच्या लोकांना ते दार कधी सापडलंच नाही. ते तिथे सरळ 'क' ठोकून मोकळे होतात, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं 'केल्बी'. माझा कुत्रा. विस्टीनची ओळ अशी होती: माझं काळीज तुझ्या दारी बांधून चालले, येईतो त्याला उपाशी ठेवू नकोस. काळजाच्या जागी कुत्रा घातला तरी ओळ कुठेच अडत नव्हती. वाईट ते हेच.

लोकांसमोरची पहिली तालीम झाली तेव्हा फ्रान्सीन त्या ओळीवर आली आणि वरच्या रांगेतून कुणीतरी भुंकलं. मग दुसऱ्याने साथ दिली. मग अख्खी रांग.

"अगं, बिस्किट टाक त्याला!"

"पट्टा सोड, पट्टा! गळफास बसेल बिचाऱ्याला!"

ते सगळे गोझोचे, लुडगार्डाच्या गावचे. फ्रान्सीन गाणं पुरं करून आत आली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. लुडगार्डापुढून जाताना ती थांबली.

"तूच आणलीस ना ही तुझी गावठी फौज?"

"मी कुणाला आणलं नाही, मिस."

"मिस काय म्हणतेस? टोमणा मारतेस?"

 लुडगार्डाने खरंच कुणाला आणलं नव्हतं, पण भुंकणं ऐकून तिला मनातून गोड वाटलं होतं. त्या संध्याकाळी जपमाळेला बसली तर मणी बोटांतून सरकेनात.

साल्वुने मग युक्ती काढली. तो शब्द आला की फ्रान्सीनने नुसते ओठ हलवायचे, आणि पडद्यामागून लुडगार्डाने भरल्या आवाजात तो म्हणायचा. दोन दिवस तसंच चाललं. कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते फक्त कोरसात लुडगार्डाशेजारी उभ्या राहणाऱ्या, तिच्याच गावच्या चेन्साच्या.

अंतिम फेरीच्या दुपारी चेन्सा तिच्या कानाला लागली. "आज नुसता श्वास घे."

"म्हणजे?"

"म्हणजे तो शब्द म्हणू नकोस. ती तिथे तोंड वासून उभी राहील, माशासारखी. सगळं जग बघेल. तुला काय, खोकला आला म्हण."

"चेन्सा!"

"चेन्सा काय चेन्सा? तुझ्या बापाचं गाणं तिने पळवलं. आमचा जीव जळतो, तुझा जळत नाही?"

जळत होता. दुपारभर लुडगार्डाने ते चित्र मनात पुन्हा पुन्हा पाहिलं: झगमगता झगा, उघडं तोंड आणि आवाज नाही. आणि दर वेळी त्या तोंडामागे बाप येऊन उभा राहिला.

शिवाय एक नवस होता. निवडफेरीच्या आधी ती गोझोतल्या ता पिनूच्या देवळात मरियामातेपुढे गुडघे टेकून बसली होती. माझ्या बापाचं गाणं न मोडता जगाच्या कानी जाऊ दे, बंदरापासून तुझ्या दारापर्यंत अनवाणी चालत येईन, असं बोलली होती. घाईत म्हणा, खात्रीने म्हणा, 'माझ्या तोंडून' हे शब्द ती बोललीच नव्हती. गायला दुसरी कुणी असेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. आता ते राहून गेलेले शब्द तिला काट्यासारखे टोचत होते. मरियामातेने तिला तिच्याच बोलण्यात धरलं होतं. ती गप्प बसली तर गाणं मोडणार, आणि मोडणारी ती स्वतः.

ती उठून फ्रान्सीनच्या खोलीत गेली. फ्रान्सीन आरशासमोर एकटीच होती.

"काय हवंय?"

"शब्द शिकवायला आले."

"आत्ता? इतके दिवस कुठे होतीस?"

"रागात होते."

फ्रान्सीन हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "निदान खोटं तरी बोलत नाहीस. आणि आज राग गेला?"

"नाही गेला. ती पेटी उचला."

"काय?"

"कपड्यांची पेटी. एकटीने. उचला म्हणते ना."

फ्रान्सीनने कुरकुरत कडीला हात घातला आणि ओढ घेतली. पेटी जड होती. घशात श्वास अडला.

"तिथेच थांबा! श्वास अडलाय ना, तेच दार. आता पेटी सोडा आणि बोला."

"…अल्बी."

 फ्रान्सीनने पुन्हा पेटी उचलली, पुन्हा सोडली. मग पेटीला हात न लावता म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा तो शब्द असा आला, जसा विस्टीन म्हणायचा. लुडगार्डाला तो ऐकवेना. तिने मान वळवली.

"मी तुझे आभार मानणार नाही," फ्रान्सीन म्हणाली. "माझ्यावर भुंकले तेव्हा तुझ्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलंय."

"मानू नका. फक्त तो शब्द आला की हात छातीवर ठेवा. हात दिसला की मी गप्प राहीन. नाही दिसला, तर मी म्हणेन."

रात्री सभागृह खचाखच भरलं होतं. पडद्याच्या फटीतून लुडगार्डाला फक्त फ्रान्सीनची पाठ आणि उजवा कोपर दिसत होता. ओळ जवळ आली. वरच्या रांगेत गावचे लोक पुढे झुकले. चेन्साने गाता गाता तिच्याकडे डोळे वळवले. कोपर वर उचलला गेला. लुडगार्डाने तोंड मिटलं.

आणि तो शब्द पुढून आला. दार लागलं, उघडलं, आणि विस्टीनचं काळीज त्या सगळ्या दिव्यांमधून पार गेलं. कुणी भुंकलं नाही.

गाणं जिंकलं नाही. निकालात मधेच कुठेतरी राहिलं. आत येताच साल्वुने लुडगार्डाला धरलं. "गप्प का राहिलीस? कुणाला विचारून? तिचा शब्द चुकला असता तर? उद्यापासून माझ्या कोरसात दिसू नकोस!"

फ्रान्सीन तिथेच उभी होती, पत्रकारांच्या गराड्यात. तिने ऐकलं, आणि पत्रकारांकडे पाहून ती पुन्हा हसू लागली.

चेन्सा दाराशी होती. "शिकवलंस तिला?"

"हो."

"बापाला विकलंस."

"नाही, चेन्सा."

"गावात तोंड दाखवशील तेव्हा सांग."

गोझोला जाणाऱ्या सकाळच्या बोटीवर गावचे बरेच लोक होते. लुडगार्डा आली तशी बाकावरची बाई पिशवी सरकवून बसली, जागा उरू नये अशी. मागे कुणीतरी हलकेच भुंकलं आणि दोघं-तिघं हसले. लुडगार्डा कठड्याला धरून उभी राहिली आणि ओठांतल्या ओठांत जप करत राहिली. मणी आज नीट सरकत होते.

बंदरावर बस उभी होती. लोक धक्काबुक्की करत चढले. चेन्साने खिडकीतून तिच्याकडे पाहिलं आणि काच ओढून घेतली. बस चढावर गुरगुरत दिसेनाशी झाली.

लुडगार्डाने धक्क्याच्या भिंतीवर बसून चपला काढल्या. जपमाळ हाताला गुंडाळली. मे महिन्याचा रस्ता आत्ताच तापू लागला होता. तिने पहिलं पाऊल टेकवलं, थोडं थांबली, आणि कडेकडेने ता पिनूची चढण चढू लागली.