बटणं परत ठेवायची असतात

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी रक्त तपासायचं एक जुनं यंत्र आहे. आज भंगाराच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या गर्दीत भिंतीकडे तोंड करून उभं आहे. एके काळी मात्र माझ्या खोलीत चपला घालून यायची कुणाची टाप नव्हती.

हातमोजे घातलेल्या माणसांनी मला एका थंडगार कारखान्यात जोडलं. माझ्या पोटात बारीक कणांनी गच्च भरलेली पोलादी नळी बसवली. तुमच्या रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन त्या नळीतून गेलं, की त्याचे प्रकार एकामागून एक बाहेर पडतात आणि प्रत्येकाची मी कागदावर एक टेकडी काढत असे. नेहमीच्या हिमोग्लोबिनची टेकडी डावीकडे, सिकल नावाच्या वाकड्या प्रकाराची उजवीकडे. ज्याच्या रक्तात नेहमीचं नसतंच, त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! मोठे डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम माझ्यासमोर आणून उभं करत. प्रयोगशाळेतल्या ताई रोज सकाळी मला मऊ फडक्यानं पुसत आणि म्हणत, "चल बाबा, आज रुसू नकोस." मी रुसत नसे. मला रुग्णांची रांग आवडायची. आपण किती कामाचे, असं वाटून मी फुगून जायचं.

एके दिवशी एक शिंपी आणि त्याची बायको त्यांच्या चिंगीला घेऊन आले. पोरीचे हात सुजले होते, डोळे पिवळे पडले होते. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिच्या कागदावर मी उजवीकडची टेकडी काढली. डावीकडची नव्हतीच. मग आईबापांचं रक्त आलं. दोघांच्याही कागदावर दोन्ही टेकड्या.

"अहो, पण मी तर ठणठणीत आहे! मला साधी सर्दी होत नाही," शिंपी म्हणाला.

"तुम्हा दोघांकडे प्रत्येकी एक चांगला वाटा आहे, एक वाकडा," ताई म्हणाल्या. "मुलाला दोघांचाही वाकडाच मिळाला, की हा आजार होतो. चारांत एकाला. पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच या. पोटातल्या बाळाचीही तपासणी होते."

बाहेर रांग दारापर्यंत आली होती. ताईंनी कागद त्याच्या हातात दिला आणि पुढचं नाव पुकारलं. दारातून बाहेर पडताना शिंपी बायकोला हळूच म्हणाला, "चारांत एक. तो आपला झाला. आता पुढच्याची काळजी नाही." मला ते ऐकू आलं. पण मला तोंड कुठे होतं?

चिंगी शाळेत जायला लागली, तेव्हा ते पुन्हा आले. या वेळी आईच्या मांडीवर तान्हा मुलगा होता. त्याचेही हात सुजलेले. ताईंनी त्याचं रक्त माझ्यात घातलं. मी कागद काढला. तो पाहून त्या म्हणाल्या, "म्हातारं झालंय हे, चुकलं असेल," आणि त्यांनी पुन्हा तपासलं. मित्रांनो, त्या दिवशी मी चुकावं असं मलाही फार वाटत होतं. मी चुकलं नाही.

"असं कसं होईल?" शिंपी म्हणाला. "आमचा एक होऊन गेलाय की!"

ताईंनी या वेळी रांगेकडे पाहिलं नाही. त्यांनी त्याच्याकडे बटणं मागितली. त्याच्या खिशात ती असायचीच. माझ्या पाठीवर त्यांनी एक पांढरं आणि एक काळं बटण बापाचं म्हणून ठेवलं, तशीच जोडी आईची.

"डोळे मिटा. दोन्हीकडून एकेक उचला."

दोन्ही काळी आली. शिंप्यानं ती बाजूला ठेवली. "ही चिंगी. आता राहिली पांढरीच ना?"

"नाही दादा. परत ठेवायची. प्रत्येक मुलाच्या वेळी चारही बटणं तिथेच असतात."

त्यानं ती दोन्ही काळी बटणं परत जागेवर ठेवली. "म्हणजे आमचा वाटा कधी संपतच नाही?"

ताईंनी मान डोलावली. तेव्हा बायको म्हणाली, "हे तेव्हा का नाही दाखवलंत, ताई?"

ताईंनी सांगितलं होतं, सगळं बरोबर सांगितलं होतं. मीही सगळं बरोबर दाखवलं होतं. बाळ मात्र आता कण्हत होतं, आणि ते कण्हणं थांबवेल असं माझ्या पोटात काहीच नव्हतं.

पुढे नवं, चपळ यंत्र आलं. माझ्या सुट्या भागांचा पुरवठा बंद झाला आणि मला इथे ढकललं गेलं. त्याचं मला आता फारसं वाईट वाटत नाही. नवं यंत्रही टेकड्याच काढतं. त्या दोन लेकरांची हाडं आजही ठणकत असतील.

मित्रांनो, मला पुसू नका, मला जपू नका. फक्त उद्या तुम्ही कुणाच्या हातात असा कागद द्याल, तेव्हा रांग जरा थांबवा आणि त्याला काय समजलं, ते त्याच्याच तोंडून ऐका. त्या शिंप्याला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर तो लगेच म्हणाला असता, "आमचा एक झाला." आणि कुणीतरी म्हणालं असतं, "नाही दादा, थांबा."