सर्व्हिसिंगला दिलेली गाडी

रंगाऱ्याला गाडीचा शौक कधीच नव्हता. शिड्या टपावर बांधता याव्यात, रंगाचे डबे मागे मावावेत आणि चढावर धाप लागू नये, एवढीच त्याची अपेक्षा. मागच्या गल्लीतल्या काकूंनी आपली जुनी डिझेल गाडी विकायला काढली, तशी त्याने फार घासाघीस न करता ती घेतली.

काकूंचे यजमान आयुष्यभर दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत गावोगाव हिंडलेले. म्हणून सगळे त्यांना काटेकाका म्हणत. मागच्या सीटवर वजनांच्या पेट्या टाकायच्या आणि सकाळी उजाडताच निघायचं, असा त्यांचा खाक्या. पण अलीकडे त्यांच्या डोक्यात धुकं साचायला लागलं होतं. एकदा ते गाडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत. शोधाशोध झाली तेव्हा गावाबाहेर शेताच्या कडेला सापडले. डिझेल संपून गाडी बंद पडली होती आणि काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून शांत बसले होते. घर कुठे, हे त्यांना सांगता येईना. त्यानंतर काकूंनी चावी लपवली. चावीसाठी रोज भांडणं व्हायला लागली, तेव्हा गाडीच विकून टाकली.

सौदा ठरताना काकूंनी रंगाऱ्याला हळूच सांगितलं होतं, की यांना विकल्याचं कळवलेलं नाही. गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, असं सांगितलंय. रंगाऱ्याने मान हलवली. त्याला वाटलं, नवराबायकोतली गोष्ट आहे, आपल्याला काय करायचंय.

जुनी गाडी घेतली की आधी तिच्या पोटात काय आहे ते बघावं, हे त्याला माहीत होतं. आधीच्या मालकाच्या शब्दावर विसंबू नये. म्हणून कामाला लावण्याआधी त्याने ती घरासमोरच्या मोकळ्या जागेत विटांचा टेका देऊन उभी केली. इंजिन थोडं गरम करून ऑइल सोडलं. ते डांबरासारखं काळं, संथ धारेने खालच्या पाटीत उतरत होतं. रंगारी पाठीवर पडून ती धार बघत असतानाच शेजारी दोन चपला येऊन थांबल्या.

"झाली का गाडी, मिस्त्री?" वरून आवाज आला.

काटेकाका होते. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला, हातात रिकामी पिशवी. रंगारी गाडीखालून बाहेर आला आणि काकूंचं सांगणं आठवून म्हणाला, अजून नाही, वेळ लागेल. काका खूश झाले. घाई करू नका म्हणाले, घाईने केलेलं काम दोनदा करावं लागतं. मग तिथल्याच एका उपड्या डब्यावर बसून त्यांनी दुपारपर्यंत काम बघितलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. नंतर रोजच यायला लागले. रंगाऱ्याची बायको त्यांना चहा द्यायची. ती इस्पितळातल्या धुलाईखान्यात कामाला होती, म्हातारी माणसं तिने पुष्कळ बघितली होती. ती नवऱ्याला म्हणाली, त्यांना बसू दे, काही मागत तर नाहीत.

काकांना काही गोष्टी लख्ख आठवत. डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल करून आधी पाणी काढा, असं ते म्हणाले आणि खरंच वाटीभर गढूळ पाणी निघालं. नवा फिल्टर बसवताना तो डिझेलने भरून घ्या, मग हातपंप मारून हवा काढा, नाहीतर स्टार्टर फिरवून फिरवून बॅटरीचा जीव जाईल, हेही त्यांनीच सांगितलं. नवं ऑइल दुसऱ्याच दिवशी काळं झालेलं पाहून रंगारी पुन्हा पुन्हा ऑइलची पट्टी पुसून बघायला लागला, तेव्हा काका हसले. डिझेल गाडीचं तोंड कितीही धुवा, काजळ जात नाही, म्हणाले.

पण इंजिनच्या पट्ट्याची गोष्ट निघाली तेव्हा वेगळंच झालं. हा पट्टा तुटला तर इंजिनच खलास होतं. म्हणून रंगाऱ्याने विचारलं, की तो कधी बदललाय. काका ताबडतोब म्हणाले, गेल्याच वर्षी, मुलीच्या लग्नाआधी, त्याला हात लावायची गरज नाही. रंगाऱ्याने तरी झाकण उघडलं. पट्ट्याला आडव्या भेगा पडल्या होत्या आणि कडेचे धागे सुटले होते. त्या मुलीची मुलगी आता कॉलेजात होती, हे त्याला काकूंकडून ठाऊक होतं. काकांनी वाकून पट्टा बघितला आणि बोटाने भेग चाचपली. त्या दिवशी चहा न घेताच ते घरी गेले.

रंगाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने पट्टा बदलून दिला. हवेचा फिल्टर झाला, कूलंट झालं, हीटरचे प्लग झाले. आता गाडीत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी रोज सकाळी काका आले की रंगारी काहीतरी उघडून बसायचा. कधी चाक काढ, कधी बॅटरीची टोकं घास. बायको म्हणाली, किती दिवस खेळवणार आहेस त्यांना, शिड्या तिकडे खांद्यावरून वाहतोयस. एका शाळेचं मोठं काम मिळालं, तेव्हा मात्र नाइलाज झाला. त्याने भल्या सकाळी शिड्या टपावर चढवल्या आणि दोरीने आवळून बांधल्या. काका यायच्या आत निघू, असा त्याचा बेत होता.

दोरीची शेवटची गाठ मारताना वर पाहतो तो काका समोर उभे.

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टपाकडे पाहिलं. दोरी ओढून पाहिली. त्यांचे डोळे त्या सकाळी अगदी निवळलेले होते, रंगाऱ्याने असे कधी पाहिले नव्हते.

"शिड्या कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

रंगाऱ्याच्या ओठांवर काहीतरी थाप आली होती, पण ती बाहेर पडेना.

"माझ्या, काका."

"म्हणजे गाडी तुमची."

"हो."

काका गाडीच्या दाराला टेकून उभे राहिले. रंगाऱ्याला वाटलं आता हे चिडतील, रडतील, काकूंना काहीबाही बोलतील. त्याने डबा पुढे सरकवला, पण ते बसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, की मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, तेव्हा तिने केलं ते बरोबरच केलं. मग त्यांनी रंगाऱ्याच्या दंडावर हात ठेवला.

"तिला सांगू नका, मला कळलंय म्हणून. रोज सकाळी ती माझी बटणं लावते आणि खाली बघून सांगते, गाडी उद्या येईल. तिला खोटं बोलता येत नाही हो. सगळा जन्म गेला, कधी जमलं नाही. एवढं एक मोठ्या कष्टाने जमवलंय तिने."

रंगाऱ्याने कबूल केलं. मग त्यांना शेजारच्या सीटवर बसवून घराकडे नेलं. वाटेत काका खिडकीची काच खाली करून इंजिनचा आवाज ऐकत होते. काकूंच्या दारापासून जरा अलीकडेच त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि उरलेलं अंतर चालत गेले, म्हणजे गाडी काकूंच्या नजरेला पडू नये.

दुसऱ्या दिवशी ते आले आणि त्यांनी विचारलं, झाली का गाडी, मिस्त्री. चेहऱ्यावर कालचं काही नव्हतं. रंगाऱ्याने सांगितलं, अजून नाही, काका.

पुढे थंडी वाढली तसं त्यांचं येणं कमी झालं. मग थांबलंच. काकू एकदा भेटल्या तेव्हा वाळून गेल्या होत्या. काका आता त्यांना ओळखत नव्हते, घरात ही बाई कोण म्हणून बिचकत होते. एकटीला झेपेना, म्हणून मुलीने दोघांना आपल्याकडे बोलावलं होतं. रंगारी म्हणाला, मी सोडतो.

निघायच्या दिवशी काका मागे बसले आणि काकू पुढे. काकू शेजारी बसल्या की काका अस्वस्थ व्हायचे, म्हणून. काकांनी सीटवरून हात फिरवला आणि गाडी छान ठेवलीय तुम्ही, असं रंगाऱ्याला म्हणाले. भाड्याच्या गाडीवाल्याला म्हणावं तसं. मग त्यांना डुलकी लागली.

गाव मागे पडल्यावर काकू बोलायला लागल्या. बाकी कशाचं वाटत नाही, म्हणाल्या, पण शुद्धीत होते तोवर मी त्यांना रोज फसवलं. सगळ्या जन्मात एकच खोटं बोलले, आणि तेही त्यांच्याशी. ते मनाला खातं. आता माफी मागावी तर कुणाची, ते माणूसच राहिलं नाही.

रंगारी पुढच्या रस्त्याकडे बघत राहिला. दिलेला शब्द आणि शेजारची ही बाई यांच्यात त्याची ओढाताण झाली. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. शिड्या, दोरी, दंडावरचा हात, बटणं. काकांचे शब्द जसेच्या तसे.

काकूंनी ऐकून घेतलं. मग दार उघडून उतरल्या आणि पदर तोंडाला लावून रस्त्याच्या कडेला पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मागे काका जागे झाले होते. त्यांनी पुढे वाकून काळजीने विचारलं, "त्या बाईंना बरं नाही का?"

काही वेळाने काकू परत आल्या. पुढचं दार त्यांनी बाहेरूनच लावलं आणि मागचं उघडलं. काका अंग चोरून खिडकीकडे सरकले, अनोळखी बाईला जागा करून द्यावी तसे. काकू त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून बसल्या. रंगाऱ्याने गाडी सुरू केली.

बरंच अंतर गेल्यावर काकूंनी मागून विचारलं, की तो दिवस नेमका कुठला. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं काम सुरू झालं तो पहिला दिवस, रंगाऱ्याने सांगितलं. काकू आठवत राहिल्या.

"त्या दिवशी दुपारी मी त्यांच्यावर ओरडले होते," त्या म्हणाल्या. "ताट पुढ्यात ठेवून नुसते माझ्याकडे बघत बसले होते म्हणून."