टेकडीवर सगळे भाऊच

मी पवईमागच्या टेकडीवरची रानउंदरीण बोलतेय. तोंड कसलं वाकडं करताय? तुमच्या मोरीतल्या घुशींशी माझं नातं जोडू नका. आम्ही झाडाच्या ढोलीत राहणारी मंडळी. माझी अर्धी शेपटी पांढरीशुभ्र आहे. पणजी सांगायची, आम्ही सगळ्यांनी एकदम शेपट्या उभारल्या की घुबडाला वाटायचं, पांढऱ्या फुलांचा कुडा फुललाय, आणि ते उपाशी परत जायचं. खोटं वाटतं? पणजीला विचारा. ती वारली, ते सोडा.

तेव्हा टेकडी बोरिवलीच्या जंगलाला जोडलेली होती. तिकडचे नवरे इकडे यायचे, इकडच्या पोरी तिकडे नांदायच्या. मग मधून रस्ता गेला, मागे दगडाची खाण लागली, पायथ्याशी चाळी उठल्या. रस्ता ओलांडायला गेलेला एकही परत आला नाही. डंपर आमच्यासाठी थांबत नाहीत.

वयात आल्यावर मी नवरा शोधायला निघाले. पहिल्या ढोलीत भाऊ. पुढच्या ढोलीतही भाऊ. त्यापलीकडे मामा, तोच माझा चुलताही लागत होता! शेवटी भावाशीच संसार मांडला. पिल्लं झाली ती वाकड्या शेपटीची, आणि त्यांचे डोळे काही उघडले नाहीत. पुढच्या खेपेलाही तेच.

अशात यंदाचे, सत्त्याऐंशी सालचे गणपती आले. चाळीतली सोनूबाई मूळची मालवणकडची. बंबात घालायला ती रस्त्यापलीकडच्या जंगलातून वाळकी लाकडं आणायची. त्या मोळीतल्या एका पोकळ ओंडक्यात एक तरणा नर झोपला होता. जो रस्ता आमच्या कुणालाच पार करता आला नाही, तो या पठ्ठ्याने सोनूबाईच्या डोक्यावर बसून पार केला! घरात उतरला आणि भज्याच्या वासाने सरळ पिंजऱ्यात शिरला.

त्याचा परका वास मला टेकडीवर आला. जन्मात पहिल्यांदा.

सोनूबाईचा मुलगा गुणाजी पिंजरा घेऊन बादलीकडे निघाला होता.

"मारू नको रे झिला! घरात गणपती बसलोहा. शेपटी बघ त्याची. बाप्पान आपलो उंदीर पाठवल्यान." सोनूबाईने त्याचा हात धरला.

पिंजरा मखराशेजारी गेला. चाळ हात जोडायला आली. संध्याकाळी आरतीत झांजा कडाडल्या, सगळ्यांचे डोळे मिटले, तशी मी मखराच्या टेबलाखाली शिरले. त्याने तारेतून मिशा बाहेर काढल्या. मी माझ्या लावल्या.

गुणाजीच्या बायकोने, नलिनीने, मला पाहिलं.

"अहो आई, अजून एक! जोडी आहे ना ही. दोघांना इथेच टेकडीवर सोडूया."

मी पळाले नाही. माझी न जन्मलेली पोरं त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघत होती.

"टेकडीर? उद्या परत मोरीत येतलो. देवाचा वाहन ता, देवावांगडाच जातला."

विसर्जनाला मूर्तीबरोबर पिंजराही तलावावर गेला, तिच्याबरोबरच पाण्यात उतरला. परतला तो रिकामा, आत भिजलेला अर्धा मोदक. सोनूबाईने डोळे पुसत त्यालाही सांगितलं म्हणे, पुढच्या वर्षी लवकर या. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, याचीच मला जास्त भीती वाटते.

आमच्या जन्मात पुढचं वर्ष सहसा येत नाही.

माझ्या पोटात पुन्हा भावाचीच पिल्लं आहेत. फार हलत नाहीत. पोकळ लाकूड बंबात घालण्याआधी जरा आपटून बघत जा. कुणी निघाला, तर त्याला देवाकडे पाठवू नका. इकडे आणा.

खाणीचा भोंगा झाला, आता सुरुंग उडेल. पूर्वी त्या धडाक्यासरशी ढोल्याढोल्यांतून डोकी बाहेर यायची.

काल माझं एकटीचंच आलं.