भोकाचं कारण

“हे उंदराचं काम नाही, नानाजी,” कवडू म्हणाला आणि त्यानं कोटाची बाही उजेडाकडे धरली. “उंदीर दातानं तोडते. हे जळलं आहे. बिडीची ठिणगी व्हय.”

नानाजी गांधीबागेतले ठोक कापडाचे व्यापारी. त्यांच्याच दुकानाच्या ओट्यावर, एका कोपऱ्यात, कवडू धकाते गेली बावीस वर्षं रफू करत बसत होता. बिडी सोडायचं नानाजींनी घरच्या देवासमोर कबूल केलेलं होतं. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि हळूच सांगितलं की घरून कुणी कोट न्यायला आलं तर उंदीरच म्हणायचं. कवडूनं मान हलवली. पण पुडीवर लिहायचं ते त्यानं लिहिलंच: ‘नानाजी, काळा कोट, बिडी.’

या पुड्यांची एक गंमत होती. भोक भरण्याआधी त्याची खराब झालेली कड कापून साफ करावी लागते. बाकीचे रफूगर ती धाग्यांची कातरण फुंकर मारून उडवून देत. कवडू ती कागदाच्या पुडीत बांधून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. पुढेमागे रंग जुळवायला बरं पडतं, असं तो सांगायचा. खरं कारण असं की त्याला भोकांचं भारी कुतूहल होतं. गिऱ्हाईक समोर बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “कायनं झालं?” मग कुत्रा, सायकलची साखळी, नवराबायकोची झटापट, जे काही असेल ते पुडीवर नावापुढे लिहिलं जायचं. लोक खोटं सांगत, पण धागा खोटं सांगत नाही आणि कवडू कोष्ट्याच्या घरात मागाच्या आवाजात वाढलेला होता. माग बंद पडला तरी कापड कळायचं काही थांबलं नव्हतं. त्याची बायको रुख्मिणी म्हणायची की दुनियेची भोकं साठवण्यापेक्षा या डब्यांत चिवडा तरी राहिला असता.

ब्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मनकर्णाबाई आली. रामटेककडच्या एका खेड्यातली, धानाच्या शेतात राबलेली बाई. तिनं पदराखालून घडी घातलेला शर्ट काढला. निळा चौकड्यांचा टेरिकॉट, नदीवर धुऊन स्वच्छ केलेला. भोकं दोन होती, एक पाठीवर आणि एक पोटाकडच्या बाजूला. सोमवारी मुलाची तेरवी आहे, त्याच्या जोडीदाराला, बरोबरीच्या मित्राला, हा शर्ट द्यायचा आहे आणि भोकाचं कापड दान देत नाहीत, एवढं तिनं सांगितलं.

“कायनं झालं, बाई?” कवडूनं सवयीनं विचारलं.

“खिळा लागला,” ती म्हणाली आणि रस्त्याकडे पाहत राहिली.

कवडूनं पाठीवरच्या भोकावर बोट फिरवलं. भोक लहान आणि गोल होतं. कडेचे धागे वितळून त्यांच्या टोकांवर खसखशीएवढ्या कडक काळ्या गाठी आल्या होत्या. पोटाकडचं भोक मोठं, फाटलेलं, पण त्याला भाजल्याची खूण नव्हती, आणि तिथले धागे सगळे बाहेरच्या बाजूला निघालेले होते. खिळा भाजत नाही. एरवी त्यानं तसं तोंडावर सांगितलं असतं. पण तेरवीचं नाव निघालं होतं, आणि मेलेल्या पोराच्या आईशी खिळ्यावरून हुज्जत घालण्याइतका तो दगड नव्हता.

टेरिकॉटचं रफू म्हणजे डोळ्यांची परीक्षा. शिवणीच्या आतून धागे काढून, चौकडीची रेघ रेघेला जुळवून त्यानं दोन दिवसांत दोन्ही भोकं अशी भरली की मनकर्णाबाईनं शर्ट उलटासुलटा केला तरी तिला जागा सापडेना. तिनं त्याच्याकडे बघून हात जोडले. त्या दिवशी कवडूला स्वतःच्या हातांचा अभिमान वाटला, हे इथं सांगायलाच हवं, कारण पुढे त्याच अभिमानाची त्याला लाज वाटणार होती.

पुडीवर त्यानं लिहिलं: ‘मनकर्णाबाई, निळा चौकडा,’ आणि पुढची जागा मोकळी ठेवली.

बावीस वर्षांत अशी मोकळी जागा ही एकच होती, आणि ती त्याला खुपायला लागली. जेवताना हात थांबायचा. मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात होता असं बाई बोलण्याच्या ओघात म्हणाली होती, म्हणून त्यानं आधी वेल्डिंगची ठिणगी गृहीत धरली. पण ठिणगी एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघत नाही. मग त्यानं तापलेल्या सळईचा अंदाज बांधून पाहिला. शर्ट दोरीवर वाळत असताना सळई घुसली असती तर दोन्ही भोकं समोरासमोर आली असती. ती तशी नव्हती. पाठीवरचं भोक वितभर वर होतं, पोटाकडचं खाली. म्हणजे शर्ट दोरीवर नव्हता. शर्टाच्या आत माणूस होता. इथपर्यंत आला की कवडू विचार सोडून द्यायचा आणि दुसरा कपडा हातात घ्यायचा.

तीन आठवड्यांनी चहाच्या टपरीवर त्यानं वर्तमानपत्रातली जाहीर सूचना वाचली. माणसांच्या जिवाबद्दल पोलिसांना जाब विचारणारा आयोग वगैरे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पोलिसांच्या गोळीनं कुणी मेलं की कचेरीतला एखादा साहेब चौकशीला बसायचा आणि कुणाला माहिती असल्यास अमुक तारखेला हजर राहावं, अशा चार ओळी छापून यायच्या. त्या वाचून कुणी हजर राहिल्याचं गांधीबागेत तरी ऐकिवात नव्हतं. सूचनेत लिहिलं होतं की दरोड्यातला संशयित ताराचंद, आईचं नाव मनकर्णा, यानं नाल्याच्या पलीकडून पोलिसांवर चाल केली आणि चाळीस पावलांवरून झालेल्या गोळीबारात छातीपोटावर गोळी लागून तो मरण पावला.

कवडूचा चहा तसाच राहिला. पाठीवरची भाजलेली कड त्याला डोळ्यांसमोर दिसत होती. चाळीस पावलांवरून कापड भाजत नाही, हे कळायला गोळी पाहिलेली असावी लागत नाही. आणि ते भोक आपण स्वतः, देवाघरचं काम समजून, बेमालूम बुजवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो रामटेकच्या बसनं तिच्या खेड्यात गेला. बाई धान कापत होती. शवागारातल्या माणसानं प्रेताबरोबर कपड्यांचं गाठोडं हातात दिलं आणि पोलिसांना त्याची आठवण राहिली नाही, असं तिनं सांगितलं. खिळ्याचं ती का म्हणाली तेही तिनं सांगितलं. गोळीचं म्हटलं असतं तर दरोडेखोराचा शर्ट कोण हातात घेणार होतं? कवडूनं शर्ट हवा म्हणताच मात्र ती विळा खाली ठेवून बसून राहिली. तेरवीला दिलेलं दान परत मागायचं, याहून वाईट वेळ आईवर कोणती येणार? तरी ती उठली, आणि त्या जोडीदाराच्या दारात जाऊन, मान खाली घालून, शर्ट घेऊन आली.

बातमी शर्टाच्या आधी पोलिसांपर्यंत पोचली. चौकशीच्या आदल्या दिवशी मार्तंड हवालदार ओट्यावर येऊन बसला. त्याच्या वर्दीची सगळी ठिगळं आणि रफू कवडूच्याच हातची, त्यामुळे दोघांत बऱ्याच वर्षांची ओळख होती.

“बयान देऊन राहिला म्हणते तू,” मार्तंड म्हणाला. “काहून गा?”

“मले कारण लिहाचं आहे. जागा मोकळी राहिली.”

“भोक खाकीचं असो का निळ्याचं, भरणं तुझं काम आहे, कवडू. उसवणं नाही.” त्याच्या आवाजात दम नव्हता, काळजी होती, आणि कवडूला दमापेक्षा तिचीच जास्त भीती वाटली. रात्रभर त्याला झोप लागली नाही. पण सकाळी त्यानं डब्यातली पुडी काढून खिशात घातली.

चौकशी एका लहान खोलीत होती. साक्षीदार एकेक करून आत बोलावत, त्यामुळे मनकर्णाबाई व्हरांड्यात बसली. शर्ट टेबलावर पसरला गेला तेव्हा पोलिसांच्या बाजूच्या वकिलांनी तो चष्म्यातून न्याहाळला आणि भोक कुठं आहे ते विचारलं. कवडूनं सांगितलं की ते त्यानंच भरलं आहे. मग वकिलांनी त्याचं शिक्षण विचारलं. चौथी. बंदुकीबद्दल काय माहिती आहे? काहीच नाही. मग चौथी शिकलेल्या रफूगराला तज्ज्ञ कोणी केलं, असं विचारून ते साहेबांकडे बघून हसले. साहेबांनीही पेन खाली ठेवलं. सगळं तिथंच आटोपायच्या बेतात होतं.

 खोलीत शिरल्यापासून सवयीनं कवडूची नजर साहेबांच्या कोटावर होती, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जवळचंच निघतं.

“साहेब, तुमच्या डाव्या बाहीवर कोपराच्या खाली भोक होतं,” तो म्हणाला. “सिगरेटचं. भरणारा हात चांगला आहे, माझा नाही. पण सिगरेट तुमची नव्हती. बाजूच्या माणसाची होती. भोक बाहीच्या मागल्या अंगाला आहे, आपल्या हातची तिथं लागत नाही.”

साहेबांनी बाही वळवून पाहिली. त्यांना काही दिसेना. मग एकदम आठवलं: मेव्हण्याच्या लग्नाची पंगत आणि शेजारी हातवारे करत बोलणारा एक पाहुणा. कोट जळाल्याचं त्यांना तेव्हा कळलंच नव्हतं, बायकोनं परस्पर भरून आणला असणार.  मग त्यांनी वकिलांना बसायला सांगितलं आणि कवडूला विचारलं, ते भोक पुन्हा दाखवता येईल का?

आपलंच रफू उसवायची वेळ कवडूवर कधी आली नव्हती. त्यानं सुई घेतली आणि एकेक धागा ओढून काढू लागला. अर्धा तास ते चाललं, वकीलही पुढे झुकून बघत होते. पाठीवर गोल पोकळी उघडी पडली तेव्हा त्यानं खिशातली पुडी सोडली आणि जळकी कातरण सुईच्या टोकानं त्या पोकळीच्या कडेनं जागच्या जागी लावत गेला. एकेक तुकडा आपापल्या रेघेला जाऊन बसला. निळ्या चौकडीत एक काळं कडं तयार झालं.

“आत इकडून शिरलं,” तो म्हणाला. “हातभर अंतरावरून, नाही तं जळालं नसतं. वरून खाली गेलं. मारणारा मागं उभा होता आणि हा खाली बसला होता. बाकी मले काही माहीत नाही.”

कारकुनानं लिहून घेतलं. साहेबांनी ते त्याला वाचून दाखवलं आणि त्यानं सही केली. शर्ट आणि पुडी तपकिरी कागदात बांधून वर लाखेची मोहोर लागली.

व्हरांड्यात मनकर्णाबाई उठून उभी राहिली. आत काय झालं ते तिनं विचारलं नाही. तिनं वेगळंच विचारलं.

“सांगा भाऊ. कायनं झालं होतं ते भोक?”

बावीस वर्षं हा प्रश्न त्यानं विचारला होता, त्याला कुणी विचारला नव्हता. खोटं सांगता आलं असतं. तिनंही एकदा खिळा सांगितलाच होता. पण त्यानं जे आत सांगितलं तेच बाहेर सांगितलं, आवाज जरा हळू करून.

“म्हंजे तो त्यायच्यावर धावला नव्हता,” ती म्हणाली.

“नाही, बाई. त्याची पाठ होती त्यायच्याकडं. खाली बसला होता.”



“बस म्हटलं असन,” ती म्हणाली. “सांगितलं का बसे तो. ऐकणारा होता.”

शर्ट परत मिळेल का, असं तिनं जाताना विचारलं. कारकून म्हणाला, तो आता सरकारजमा. तिनं मान डोलवली आणि रामटेकच्या बसकडे चालू लागली.

साहेबांचा अहवाल वर गेला. त्यात काय लिहिलं होतं आणि तो कुणी वाचला, ते गांधीबागेत कधीच कळलं नाही. कवडूला कळलं ते एवढंच की त्यानंतर खाकी कपडा ओट्यावर आला नाही. मार्तंड हवालदाराची पँट भरून तयार होती. ती त्यानं तीन वर्षं घडी करून ठेवली, पण मार्तंड समोरच्या फुटपाथनं जायचा.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी मात्र कवडू नेहमीच्या वेळी आला, नेहमीच्या जागी बसला आणि त्यानं डबा उघडला. पुडी होती तिथं खाच पडली होती. त्यानं कागदाचा एक तुकडा फाडला, आत काही न ठेवता पुडी बांधली आणि वर लिहिलं: ‘मनकर्णाबाई, निळा चौकडा.’ पुढे थोडं थांबून त्यानं लिहिलं: ‘गोळी. पाठीतून. बसलेला होता.’

पुडी रिकामी असल्यामुळे डब्यात राहीना, वर येत होती. त्यानं ती अंगठ्यानं दाबून बाकीच्या पुड्यांच्या मध्ये नीट बसवली आणि झाकण लावलं.