माझ्या दारात वाटी

राजम्याची खीर लहान पातेल्यात करता येत नाही. म्हणजे येते, पण ओकोआ गावातल्या आमच्या गल्लीत तसं केलं तर लोक जन्मभर नावं ठेवतील. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री राजमा भिजत घालायचा, सकाळी नारळाचं दूध, रताळं, लवंग, दालचिनी घालून हात दुखेपर्यंत घोटायचं आणि घरोघरी वाट्या पोचवायच्या. त्यांच्याकडूनही येतात. संध्याकाळी प्रत्येक घरात सगळ्या गल्लीची खीर.

आता निम्म्या दारांना कुलपं आहेत. सगळे न्यू यॉर्कला गेले, माझी मुलगीसुद्धा. उरलेल्यांत खीर करणारं फारसं कुणी नाही, तरी मी मोठंच पातेलं चढवते. बहीण फिओर होती तोवर तिची वाटी यायची. ती देवाघरी गेली आणि माझ्या दारात वाटी येणं बंद झालं. माझी मात्र सगळे मिटक्या मारत खातात. मला खिरीची हाव नाही हो. कुणीतरी माझ्यासाठी म्हणून आणावी, एवढंच वाटतं.

समोर एलिहिओ राहतो. माझ्या मुलीला बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून त्यानेच धरलं, तेव्हापासून तो माझा कोंपाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. त्याची बायको कासिल्दा वारली आणि हा दार लावून बसला. मी रोज सकाळी त्याच्या कठड्यावर कॉफी ठेवायचे आणि ओरडायचे, "कोंपाद्रे, जिवंत असशील तर पी, नसशील तर मांजराला दे!" दुपारी कप धुतलेला, माझ्या कठड्यावर. रिकामा! आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान एक लिंबू तरी टाकतात. मनात शिव्या घालून मी मोठ्यानं म्हणायचे, "कप धुतलास, देव तुझं भलं करो!" सकाळी कुणाला तरी हाक मारता येते, हेही थोडं नव्हतं.

यंदा गुड फ्रायडेला त्याच्या घरातून दालचिनीचा वास आला आणि पाठोपाठ काहीतरी करपल्याचा. कोंपाद्रे खीर करतोय! मी केस विंचरले, ओसरीत दुसरी खुर्ची आणून ठेवली. वेडी म्हणा हवं तर.

तो बाहेर आला. हातात फडक्याने झाकलेली वाटी. रस्ता ओलांडला आणि माझ्या दारावरून सरळ पुढे गेला. गल्लीच्या टोकाला जोस्लीन राहते, नवऱ्याबरोबर शेजारच्या हैतीहून कांद्याच्या शेतावर कामाला आलेली. तिच्याकडे. परतला आणि दुसरी वाटी घेऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या तिलोकडे गेला. मग रिकाम्या हातांनी आपल्या पायरीवर येऊन बसला.

मी तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय रे, मी मेले का?"

"काय झालं, कोमाद्रे?"

"गल्लीभर वाट्या फिरवल्यास. मला?"

"तुला?" तो बघतच राहिला. "अगं, तुझ्यासारखी खीर गावात कुणाला जमत नाही. माझी खाली लागलीय, रताळं कच्चं राहिलंय. कोणत्या तोंडानं आणू?" मग मान खाली घालून म्हणाला, "तुझी कॉफी रोज यायची. कपात काय घालून पाठवावं, सुचायचंच नाही. शेवटी म्हटलं, हिला देण्याजोगं आपल्याकडे काही नाही, तर ज्यांच्याकडे कुणी जात नाही त्यांना देऊ. जोस्लीनच्या दारात कोण जातं, सांग."

बरोबरच होतं त्याचं. पण बरोबर आहे म्हणून दुखायचं थोडंच थांबतं?

"आणि माझ्या दारात कोण येतं रे?" माझा आवाज फाटला. "खीर चांगली करते म्हणून जन्मभर स्वतःचीच खाऊ?"

तो उठून आत गेला. आतून पळीने पातेलं खरवडल्याचा आवाज आला. मग दारातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "घरी जा."

"काय?"

"घरी जा, कोमाद्रे. आणि दार लावून घे."

असा राग आला! तरी गेले. दार लावलं आणि बसून राहिले. घर नेहमीसारखंच गप्प होतं.

मग दारावर टकटक झाली. मी तळहातांनी डोळे पुसले.

"कोण आहे?" मी आतून विचारलं.

"मी, समोरचा. तुझ्यासाठी खीर आणलीय."